अब्बांची पद्मिनी, माझी आठशे

आमच्या अंगणात दोन गाड्या उभ्या असतात. पत्र्याच्या शेडखाली अब्बांची प्रीमियर पद्मिनी, १९७५ची. बाहेर कडुनिंबाखाली माझी मारुती ८००, २००१ची. गेल्या वर्षी दोन्हींच्या कागदपत्रांचा प्रश्न जवळजवळ एकदमच उभा राहिला. पद्मिनीच्या नोंदणीची मुदत डिसेंबर २०२५ला संपत होती, आठशेची जुलै २०२६ला.

ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांना हे ठाऊक असेल, पण इतरांसाठी सांगते. खासगी मोटारीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी दाखवून, फी भरून ती वाढवून घ्यावी लागते. मार्च २०२२पर्यंत ही फी सहाशे रुपये होती. एप्रिलपासून ती पाच हजार झाली. ऑगस्ट २०२५मध्ये केंद्र सरकारने वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारींसाठी ती दहा हजारांवर नेली. राज्याचा पर्यावरण कर वेगळा, आणि तपासणीपूर्वीची दुरुस्ती आणखी वेगळी. म्हणजे आमच्या दोन्ही गाड्यांचे मिळून नुसत्या फीचेच वीस हजार.

माझा धाकटा भाऊ नागपूरला असतो. तो रविवारी आला आणि चहाचा कप हातात घेऊनच म्हणाला, "आपा, एक ठेवा, एक काढा. दोन्ही काढल्या तरी चालेल." अब्बा आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. पान उलटल्याचा आवाज थांबला.

तेव्हापासून मी मनाशी तुलना करू लागले. मी भाषा शिकवते, उर्दू आणि मराठी. यंत्रातले मला फारसे कळत नाही. पण ज्या दोन गाड्यांत आयुष्याची चाळीस वर्षे गेली, त्यांच्याविषयी निर्णय घ्यायचा तर त्या नेमक्या काय होत्या हे तरी नीट समजून घ्यावे, असे वाटले.

पद्मिनी ही महाराष्ट्रातली गाडी. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. आधी अमेरिकन गाड्यांची जुळणी झाली, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. पन्नाशीच्या दशकात आलेल्या गोलमटोल पाठीच्या फियाटला लोकांनी 'डुक्कर फियाट' हे नाव दिले. १९६४ साली चौकोनी बांध्याची फियाट ११०० आली. पुढे परदेशी नाव गेले, गाडी आधी 'प्रेसिडेंट' आणि मग १९७४च्या सुमारास चितोडच्या राणीच्या नावाने 'पद्मिनी' झाली. नाव बदलले तरी लोकांच्या तोंडी ती 'फियाट'च राहिली. आमच्या मोहल्ल्यात आजही वडीलधारी माणसे "फियाट निकालो" असेच म्हणतात.

गाडी घेणे ही तेव्हा केवढी मोठी गोष्ट होती ते लालबहादूर शास्त्रींच्या फियाटवरून कळते. १९६४ साली पंतप्रधान असताना त्यांनी मुलांच्या आग्रहाखातर ही गाडी घेतली. किंमत बारा हजार. जवळ सात हजार होते, उरलेले पाच हजार बँकेचे कर्ज. जानेवारी १९६६मध्ये ताश्कंदला त्यांचे निधन झाले तेव्हा ते कर्ज फिटले नव्हते. ललिताबाईंनी ते आपल्या पेन्शनमधून फेडले. पंतप्रधानाची ही अवस्था, तिथे सामान्यांचे काय बोलावे. पैसे असले तरी गाडी लगेच मिळत नसे. किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवान्यावर ठरायचे आणि नंबर लावून माणसे वर्षानुवर्षे वाट पाहायची.

अब्बांचा संत्र्याचा व्यापार होता. कारंजा (घाडगे) हे संत्र्यांचे गाव, नागपूर-अमरावती महामार्गावरचे. १९८७ साली मृग बहार चांगला निघाला आणि अब्बांनी आर्वीच्या एका वकील साहेबांकडून त्यांची बारा वर्षे वापरलेली पद्मिनी अठ्ठावीस हजारांना घेतली. व्याजाचा पैसा घ्यायचा नाही, हे त्यांचे ठरलेले. निम्मे रोख दिले, निम्मे पुढच्या हंगामात. वकील साहेबांनी लिहून काही घेतले नाही.

त्यानंतर ती गाडी आमची एकट्याची राहिली नाही. मोहल्ल्यात दुसरी मोटार नव्हती. नवरदेवाला न्यायचे, फियाट. हाजी साहेब परतले, त्यांना नागपूर स्टेशनवरून आणायचे, फियाट. रात्री-बेरात्री दार वाजले की अम्मी आधी कंदील लावायची आणि अब्बा किल्ली शोधायचे, कोण आले हे विचारायच्या आधी. पुढची सीट एकसंध बाकासारखी, गिअरचा दांडा खाली नसून स्टिअरिंगच्या दांड्याला लागून. त्यामुळे पुढे तीन माणसे सहज बसत, मागे चार, आणि मुलांना कुणी मोजत नसे. अब्बा भाडे घेत नसत, पेट्रोलचे पैसे मात्र घ्यायचे. न दिले तर मागायचे नाहीत. त्यांची एक निळी वही आहे, तिच्यात तारीख, गाव आणि लिटर लिहिलेले आहेत. माणसांची नावे नाहीत.

मे १९९१मधली एक दुपार मला अजून लख्ख आठवते. मी अकरा वर्षांची होते. छोट्या खालाला कळा सुरू झाल्या होत्या आणि गावातल्या सुईणीने हात टेकले होते. नागपूर गाठायचे होते, सुमारे पाऊणशे किलोमीटर. खाला आणि अम्मी मागे, मी पुढे, मांडीवर पाण्याची सुरई. कोंढाळी मागे पडली आणि बाजारगाव यायच्या आधी गाडीने दोन आचके दिले आणि ती रस्त्याच्या कडेला थांबली.

विदर्भात ज्यांनी जुन्या गाड्या चालवल्या त्यांना हा प्रकार माहीत आहे. त्या काळच्या गाड्यांत पेट्रोल ओढणारा पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असे. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात इंजिनही तापलेले, वाराही तापलेला. पंपातल्या पेट्रोलची वाफ होते. पंपाला द्रव ढकलता येतो, वाफ ढकलता येत नाही, ती आत नुसती दबत-फुगत राहते. टाकीत पेट्रोल आहे, इंजिन ठणठणीत आहे, पण गाडी हलत नाही. उपाय एकच, पंप थंड करा आणि थांबा. अब्बा एरवी उन्हाळ्यात ओले फडके आणि पाण्याचा डबा ठेवायचे. त्या दिवशी घाईत दोन्ही घरी राहिले होते.

अम्मीने काही न बोलता आपली ओढणी काढून दिली. अब्बांनी ती सुरईच्या पाण्यात भिजवून पंपाला गुंडाळली. खाला पाणी मागत होती आणि सुरईत एवढेसे पाणी उरले होते. अब्बांनी माझ्याकडे पाहिले. मी सुरई उचलून मागे खालाकडे दिली. उरलेले थेंब अब्बांनी पुन्हा ओढणीवर शिंपडले. दहा-बारा मिनिटे गेली असतील. मला तो तास वाटला. गाडी सुरू झाली. दवाखान्यात पोहोचल्यावर अर्ध्या तासात मुलगा झाला. तो आता पस्तिशीला आलाय, अमरावतीला नोकरी करतो आणि लग्नकार्यात कुणी ना कुणी त्याला ओढणीची गोष्ट ऐकवतेच. निळ्या वहीत त्या दिवसापुढे 'नागपूर, १४ लिटर' एवढेच आहे.

माझी आठशे वेगळ्याच जगातून आली. मारुती उद्योग ही १९८१ साली सरकारनेच काढलेली कंपनी. पुढच्या वर्षी जपानच्या सुझुकीशी करार झाला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या गाडीची किल्ली इंदिरा गांधींनी हरपाल सिंग नावाच्या गृहस्थांच्या हाती दिली. सोडतीत नंबर लागलेले, इंडियन एअरलाइन्समध्ये नोकरीला असलेले साधे गृहस्थ. किंमत पन्नास हजारांच्या आत-बाहेर. १९८६ साली तिला नवा बांधा मिळाला, आज आपण ओळखतो तो. २०१०मध्ये प्रदूषणाचे नवे नियम आल्यावर मुंबई-पुण्यासह तेरा शहरांत तिची विक्री थांबली, पण आमच्यासारख्या गावांना ती मिळत राहिली. जानेवारी २०१४मध्ये उत्पादन बंद झाले. तोवर पंचवीस लाखांहून अधिक गाड्या बनल्या होत्या.

२००६ साली मी बीएड होऊन चार वर्षे झाली होती. शाळा गावापासून बावीस किलोमीटरवर. सकाळची एसटी चुकली की पहिला तास बुडायचा, आणि ती न चुकता आठवड्यातून एकदा तरी चुकायची. मुख्याध्यापकांनी एकदा समजावले, दुसऱ्यांदा लेखी दिले. घरात चर्चा सुरू झाली की बदलीचा अर्ज करावा की नोकरी सोडावी. तेव्हा बायकांच्या बीसीमध्ये माझा नंबर लागला. पतींनी थोडे घातले, भावाने थोडे, आणि पाच वर्षे वापरलेली पांढरी आठशे पंच्याऐंशी हजारांत घरी आली.

मला गाडी शिकवली अब्बांनी. खरे तर आम्ही दोघेही शिकलो. त्यांनी जन्मभर गिअर स्टिअरिंगपाशी टाकलेले, आठशेचा गिअर खाली दोन सीटच्या मध्ये. त्यांचा डावा हात सारखा वर हवेत जायचा आणि मग खाली शोधत यायचा. मी हसायचे, ते चिडायचे. बाजाराच्या मैदानावर आमची ही शाळा चालायची आणि कठड्यावर बसून चार माणसे बघायची. एका बुजुर्गांनी अब्बांना बाजूला घेऊन विचारले, "बच्ची को रोड पे छोडोगे?" अब्बा म्हणाले, "स्कूल पे छोडूंगा." तेच बुजुर्ग पुढे कितीतरी वेळा तळेगावला जायला सकाळी माझ्या वाटेवर उभे राहिले. मी नेलेही.

आता तुलना. पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या घरात. आठशेचे ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे, ताकद सदतीस. म्हणजे घोडे जवळजवळ सारखेच. फरक आहे तो त्यांनी काय ओढायचे यात. पद्मिनीचे वजन नऊशे किलोच्या आसपास, आठशेचे साडेसहाशेच्या. पद्मिनीत इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, त्यासाठी लांब दांडा गाडीच्या पोटाखालून मागे जातो आणि मागे मधोमध बसणाऱ्याच्या पायांत उंचवटा येतो. आठशेत इंजिन आडवे बसवून पुढचीच चाके फिरवली आहेत, दांडा नाही, उंचवटा नाही. एवढ्याशा गाडीत चार माणसे बसतात ती यामुळे. आमच्या अनुभवात पद्मिनी लिटरला दहा-अकरा किलोमीटर देते, आठशे सोळा-सतरा. आठशेचा पेट्रोल पंप विजेवर चालणारा आणि टाकीतच बुडालेला, इंजिनच्या उष्णतेपासून लांब. वीस वर्षांत मला एकदाही ओढणी भिजवावी लागली नाही.

अब्बा म्हणतात, पद्मिनीचा पत्रा बघ. पत्रा जाड आहे हे खरे. पण जाड पत्रा म्हणजे सुरक्षितता, हा गैरसमज आहे असे माझे मत आहे. पुढच्या सीटला पट्टे सक्तीचे झाले ते १९९४पासूनच्या गाड्यांत, आणि त्या बाकावर आम्ही मुले अब्बांच्या हाताला धरून उभी राहायचो. आज आठवले की अंगावर काटा येतो. आठशेही काही किल्ला नव्हे, पण निदान मी पट्टा लावते आणि लावायला लावते.

दुरुस्तीत मात्र पद्मिनी पुढे. बॉनेट उघडले की सगळे दिसते, हाताला येते. आमच्या गावचे मिस्त्री पान्हा, पक्कड आणि पॉलिश पेपर एवढ्यावर तिला उठवतात. आठशेत सेन्सर बिघडला की ते हात झटकतात आणि मशीन लावायला नागपूरला पाठवतात.

हा सगळा हिशेब मांडला तर आठशे जिंकते. चालवायला हलकी, खर्चाला हलकी, भरवशाची. आणि मी ज्या कारणासाठी तिला जास्त मानते ते कुठल्या तक्त्यात येत नाही. अम्मीच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा आठवड्यातून दोनदा नागपूरला डायलिसिससाठी न्यावे लागे. पावणेदोन वर्षे. भाऊ नोकरीवर, पती दुकानात, अब्बांची नजर कमी झालेली. मी शाळेतून अर्ध्या रजा घेऊन नेत असे. अम्मी पुढे माझ्या शेजारी बसायची, अब्बा मागे. एकदा कोंढाळीच्या अलीकडे ती काचेतून बाहेर बघत म्हणाली, "तेरे अब्बा की गाडी में मैं हमेशा पीछेच बैठी." तक्रारीचा सूर नव्हता. मागच्या सीटवरून अब्बा काही बोलले नाहीत.

तर मी भावाला फोन करून सांगितले, आठशे ठेवू, पद्मिनीचे काय ते बघू.

बघण्यासारखे एक होते. २०२१च्या जुलैमध्ये केंद्राने जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज'चा नियम केला. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी या वर्गात नोंदवता येते. फी वीस हजार, मुदत दहा वर्षे, पुढच्या नूतनीकरणाला पाच हजार, आणि नंबर प्लेटवर 'व्हीए' ही अक्षरे. नव्वदच्या दशकात अनेकांनी जुन्या पेट्रोल गाड्यांत डिझेल इंजिने बसवून घेतली. अब्बांनाही तसा सल्ला मिळाला होता, त्यांनी ऐकला नाही. त्यामुळे आमची पद्मिनी मूळ इंजिनासह बरोबर पन्नास वर्षांची होत होती. दिल्लीत वयामुळे गाड्यांवर बंदी आहे तशी आपल्याकडे नाही, हेही इथे सांगून ठेवते, कारण पुष्कळ लोक त्या भीतीने चांगल्या गाड्या भंगारात देतात. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली ती टॅक्सींना असलेल्या वीस वर्षांच्या मर्यादेमुळे. खासगी गाडीला तो नियम लागू नाही.

भावाला व्हिंटेजची कल्पना एकदम आवडली. दहा वर्षांची कटकट मिटते, आणि पुढे-मागे नागपूरचा एखादा शौकीन चांगली किंमतही देईल. फी बघितली तर दोन्हीकडे सारखीच, साध्या नूतनीकरणाला पाच वर्षांचे दहा हजार, इकडे दहा वर्षांचे वीस. मी नियम अब्बांना वाचून दाखवला. त्यात एक अट आहे. व्हिंटेज नोंदलेली गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणे, दुरुस्ती, एवढ्यासाठीच.

"म्हणजे रात्री कुणी दार वाजवले तर?" अब्बांनी विचारले.

गेल्या दहा-बारा वर्षांत कुणी दार वाजवलेले नाही. २०१४पासून १०८ची रुग्णवाहिका येते, मोहल्ल्यात आता नऊ मोटारी आहेत, पोरांकडे फोन आहेत. हे मी बोलले नाही. भाऊ बोलणार होता, मी त्याच्याकडे पाहिले.

"नुसती दाखवायला ठेवायची तर आजच द्या कुणाला," अब्बा म्हणाले आणि वर्तमानपत्र उचलले.

शेवटी पद्मिनीचे साधे नूतनीकरण करायचे ठरले. भाऊ नाराज झाला, पण निम्मे पैसे त्यानेच पाठवले. आठशेची फी जुलैत, माझ्या बीसीचा नंबर जूनमध्ये आहे. प्रश्न उरला तो पद्मिनी वर्ध्याला आरटीओत नेणार कोण हा. अब्बांचे मोतीबिंदू झालेले, पतींना तो गिअर जमत नाही. मीच शिकले. पुन्हा तेच बाजाराचे मैदान, पुन्हा कठड्यावर माणसे. या वेळी माझा हात खाली जात होता आणि अब्बा शेजारून म्हणत होते, "ऊपर, बेटा, ऊपर." क्लच एवढा कडक की पहिल्या दिवशी रात्री पोटरी दुखत होती. स्टिअरिंग उभ्या गाडीत वळवायला दोन्ही खांदे लागतात. पण तिसऱ्या गिअरमध्ये सुटली की तिचा एक संथ, भरीव आवाज येतो, तो मला लहानपणापासून ओळखीचा आहे.

डिसेंबरातल्या एका सकाळी आर्वीमार्गे निघालो. थंडी होती, तरी अब्बांनी पायाशी पाण्याचा डबा आणि फडके ठेवले होते. तपासणी करणारा साहेब तरुण होता. आत बसला, डावा हात खाली नेला, इकडे-तिकडे पाहिले आणि म्हणाला, "मॅडम, गिअर कुठे आहे?" अब्बा उतरून त्याला दाखवायला गेले ते पंधरा मिनिटे परत आलेच नाहीत.

गाडी पास झाली, डिसेंबर २०३०पर्यंत. पुढचा डावा टायर मात्र बदलायला सांगितला आहे. त्या मापाचे टायर आता दुकानात ठेवत नाहीत. नागपूरच्या एका दुकानदाराने मागवून देतो म्हटले आहे, दोनच मिळतील, एकटा देणार नाही म्हणतो.